दूध मुंबईला, शेण ओढ्याला

मुंबईला म्हशीचं दूध हवं असतं, म्हैस नको असते. १९४९ मध्ये गोरेगावला आरे वसाहत उभी राहिली ती शहरभर विखुरलेले तबेले एका जागी न्यावेत म्हणूनच. पुढं आरेही शहराच्या पोटात आली. मग तलासरी तालुक्यात दापचरीचा दुग्ध प्रकल्प निघाला. आदिवासींच्या जमिनी त्यात गेल्या, कुर्झे धरण झालं, पण मुंबईचे तबेले काही तिकडं हलले नाहीत. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर जनावरांच्या मुतातूनही पसरणाऱ्या लेप्टोची साथ आली, तबेले शहराबाहेर काढण्याचा वाद उच्च न्यायालयात गेला आणि दापचरीचं नाव पुन्हा निघालं. तबेलेवाले मात्र सरकारची वाट बघत बसले नाहीत. शहरातली जागा सोडून चार पैसे हाती येत होते. ते घेऊन वसई, विरार आणि तिथून वर, अहमदाबाद महामार्गाच्या कडेकडेनं ते सरकत राहिले. मनोर याच वाटेवर पडतं. पहाटेचं दूध वेळेत मुंबईत पोचतं, जागा शहराच्या मानानं स्वस्त आणि पाण्याला तोटा नाही. हात नदी, सूर्या, वैतरणा, आणि त्यांना मिळणारे नाव नसलेले कितीतरी ओहोळ.

त्या ओहोळांचं काय होतं, यावर या पट्ट्यात दोन तऱ्हांनी बोललं जातं. इथं ते दोन आवाज समोरासमोर बसवले आहेत. शेठ आणि ताई ही कुणा एका माणसाची चित्रं नाहीत. शेठचा बाप जोगेश्वरीत तबेला चालवायचा. आता पन्नास म्हशी महामार्गापासून थोड्या आत, ओहोळाच्या वरच्या अंगाला. ताई निवृत्त अंगणवाडी सेविका. त्यांचा पाडा त्याच ओहोळाच्या खालच्या अंगाला. दोघंही आपापल्या जागी खरं बोलतात. मध्ये मध्ये मी तोंड घातलं आहे.

शेठ : ताई, आधी एक सांगा. शेणाला तुम्ही कधी घाण म्हटलंत का? तुमचं अंगण शेणानं सारवलेलं, कुडाच्या भिंती शेणामातीनं लिंपलेल्या. राब भाजायला शेण लागतं. मग तेच शेण माझ्या दारात दिसलं की ते प्रदूषण कसं काय होतं?

ताई : शेणाला घाण मी म्हटलंच नाही. राबाच्या दिवसांत शेणावर आमचा जीव असतो. डोक्यावरून पाट्या नेतो, पसरतो, वर पालापाचोळा, गवत, माती घालतो आणि भाजतो. तेव्हा कुठं भाताचं रोप धरतं. पण माझ्या दारात दोन बैल नि एक गाय. त्यांचं शेण उकिरड्यात मावतं, वर कमीच पडतं. तुमची म्हैस दिवसाला किती टाकते?

शेठ : पंधरा किलो. खाती-पिती असेल तर वीस.

ताई : म्हणजे पन्नासांचं पाऊण टन ते एक टन. रोज. मूत वेगळं. आणि त्यावर तुमचा तो पाइप.

शेठ : पाइप मारणारच. धार काढायच्या आधी कास धुतली नाही, खाली ओलं राहिलं, की कास सुजते, दगडी होते. एक सड गेला तरी म्हशीची किंमत उतरते. म्हैस काळी, तिला घाम कमी, उन्हात तापते. अंगावर पाणी लागतंच. पिण्याधुण्याचं मिळून एका म्हशीमागं दीडशे लिटर धरा.

ताई : तेच म्हणते मी. टनभर शेण घमेल्यानं उचललं तर ते खत. तेच चार-पाच हजार लिटर पाण्यात कालवलंत की ते खतही राहिलं नाही आणि पाणीही राहिलं नाही. ते उताराला लागतं. आणि उताराला ओहोळ आहे.

वादाची नस ताईंनी इथं पकडली, म्हणून जरा थांबतो. शेणात विष नसतं. रसायनांच्या कारखान्यातून निघणारं पाणी आणि गोठ्याचं पाणी यांत हा फरक आहे, आणि तोच लोकांना फसवतो. शेण पाण्यात पडलं की जिवाणू ते खायला लागतात आणि खाताना पाण्यात विरघळलेला प्राणवायू वापरतात. आपल्याकडच्या कोमट ओढ्यात एका लिटरला सात-आठ मिलिग्रॅम प्राणवायू असतो, फार तर. तो चारच्या खाली गेला की माशांना त्रास होऊ लागतो. सेंद्रिय घाण कुजायला किती प्राणवायू लागेल यावरून सांडपाणी मोजतात. नदीत सोडायच्या पाण्याला ती मर्यादा लिटरला ३० मिलिग्रॅम आहे. गावच्या गटाराचं पाणी दोनशे-तीनशेच्या घरात असतं. शेण कालवलेलं पाणी हजारांत जातं, आणि नुसता शेणाचा रबडा दहा हजारांच्याही वर. ढोबळ हिशेबानं एका म्हशीच्या शेणामुताचा भार दहा माणसांच्या मैलापाण्याएवढा असतो. म्हणजे पन्नास म्हशींचा तबेला उघड्यावर पाणी सोडतो तेव्हा ओहोळाकाठी पाचशे वस्तीचं बिनगटाराचं गाव एका रात्रीत वसल्यासारखं होतं. शिवाय नत्र आणि स्फुरद असतंच. खाली डबक्यांत जलपर्णी माजते ती त्यावर.

शेठ : बरं, तुमचं सगळं मान्य. पण गरिबाचा तबेला तेवढा सगळ्यांच्या डोळ्यांत येतो. बोईसरला जा, तारापूरच्या एमआयडीसीत काय काय सोडलं जातं ते बघा. माझ्या शेणानं निदान गवत तरी उगवतं.

ताई : बघितलं की. मच्छीमारांनी आमच्याआधी बघितलं. अखिल भारतीय मांगेला समाज परिषद हरित लवादापर्यंत गेली, आणि २०२२ च्या जानेवारीत लवादानं शंभरावर कारखान्यांना आणि सामाईक सांडपाणी प्रक्रिया केंद्राला भरपाई भरायला सांगितली. पण शेठ, कारखान्याला नाव असतं, प्लॉट नंबर असतो. पाइप नवापूरच्या समुद्रात कुठं सुटतो ते बोट दाखवून सांगता येतं. तुमचं पाणी कुठून सुटतं? गोठ्याच्या मागून, पुढून, उकिरड्याखालून, म्हशी उभ्या राहतात त्या अंगणातून. पाऊस लागला की सगळी जमीनच वाहते. तिथं कोण बोट ठेवणार?

शेठ : पाऊस लागला की प्रश्नच मिटला म्हणा. जुलैत वैतरणेला काय पूर असतो! त्या पाण्यात माझी चार घमेली कुठं दिसणार आहेत?

ताई : जुलैच्या पुरात नाही दिसणार. तुम्ही जूनचं बोला. मृगाचा पहिला पाऊस येतो तेव्हा ओहोळात गुडघाभर पाणी असतं, आणि तुमच्या मागच्या अंगाला शेणाचा ढीग. पहिल्या दोन-तीन सरींत तो पाणी पिऊन फुगतो आणि खालून काळं पाणी सोडतो. नेमके तेच दिवस वलगणीचे. मासे अंडी घालायला उलटे वर चढतात, ओहोळातून शेतात शिरतात. पूर्वी त्या रात्री पाड्यातली पोरंसोरं बत्त्या घेऊन बाहेर असायची. आता मासा वर येतो तो तुमच्या काळ्या पाण्यात तोंड घालायला. आणि आमच्याकडं भरतीचं पाणी चढतं हे विसरू नका. मनोर जुन्या काळी बंदर होतं ते काय उगाच? खाली गेलेली घाण खालीच जाते असं नाही, दिवसातून दोनदा परत ढकलली जाते.

शेठ : तुम्ही ओहोळाचं पाणी पिता कुठं? नळ आलाय ना पाड्यात?

ताई : नळ आलाय. पाणी कधी येतं ते नळाला ठाऊक. एप्रिल-मेमध्ये ओहोळ आटला की बायका पात्रात डवरा खणतात आणि झिरपलेलं पाणी वाटीनं भरतात. ते पाणी तुमच्या अंगणाखालून झिरपून येतं की देवाघरून, सांगा मला.

शेठ : वाळूतून गाळून येतं ते.

“गाळून येतं” या समजुतीवर एक परगावची गोष्ट सांगण्यासारखी आहे. कॅनडात ओंटारिओ प्रांतात वॉकरटन नावाचं पाच हजार वस्तीचं गाव आहे. मे २००० मध्ये तिथं काही दिवस जोराचा पाऊस झाला. गावाच्या एका उथळ विहिरीजवळच्या शेतात गुरांचं शेणखत टाकलेलं होतं. शेतकऱ्यानं नियम मोडला नव्हता, खत रीतसर टाकलं होतं. पावसाबरोबर शेणातले जिवाणू जमिनीत उतरले आणि विहिरीत पोचले. क्लोरीन पुरेसं पडत नव्हतं, नोंदी खोट्या होत्या. सात माणसं मेली, तेवीसशेच्या आसपास आजारी पडली. कॅनडासारख्या देशात, नळाच्या पाण्यानं. आपल्या डवऱ्यात तर क्लोरीन टाकणाराही नाही. उथळ पाणी, जवळचं शेण आणि एकदम कोसळलेला पाऊस, या तीन गोष्टी एकत्र आल्या की वाळूच्या गाळणीवर भरवसा ठेवता येत नाही. मनोरला तर वर्षाचा दोन-अडीच हजार मिलिमीटर पाऊस चारच महिन्यांत पडतो.

शेठ : म्हणजे तुमच्या अंगणवाडीतली पोरं माझ्यामुळं आजारी पडतात असं म्हणायचंय?

ताई : नाही म्हणायचं. जुलैत हजेरी पडायची, जुलाब-उलट्या असायच्या. त्यात उघड्यावर बसणं आलं, फुटलेली पाइपलाइन आली, शिळं अन्न आलं. कुठला जंतू कुणाच्या शेणातून आला ते मी कसं सांगू? पण कारणांच्या रांगेत तुम्ही उभे आहात एवढं नक्की. आणि त्या रांगेत पैशानं सगळ्यांत बरे तुम्हीच आहात.

शेठ : मग तुम्हीही आहात त्या रांगेत. तुमची गुरं दुपारभर नदीत बसलेली असतात. तिथंच शेण, तिथंच मूत. त्यांना कोण नोटीस देतं?

ताई : ते खरं आहे.

ताईंनी हे एका वाक्यात कबूल केलं, तरी शेठच्या मुद्द्याला वजन आहे. न्यूझीलंड हा दुधावर जगणारा देश, आणि तिथंही गुरांच्या नदीत उतरण्यालाच हात घातला गेला. २००३ मध्ये तिथल्या फोंटेरा या मोठ्या दूध कंपनीनं सरकारशी करार केला आणि दुभत्या गुरांना ओढ्यापासून दूर ठेवण्यासाठी कुंपणं घातली जाऊ लागली. २०२० मध्ये त्याचा कायदेशीर नियम झाला. मीटरभराहून रुंद प्रवाहाच्या काठापासून तीन मीटरच्या आत दुभती गुरं नकोत. मध्ये गवताचा पट्टा राहतो, तो वाहून येणारं बरंच अडवतो. आपल्याकडं नदीला कुंपण घालायची कल्पना कुणाला रुचणार नाही आणि तिची गरजही नाही. पाड्यातली दोन-चार गुरं आणि एका जागी बांधलेल्या पन्नास म्हशी यांत फरक करायलाच हवा. पण काठाला पाच पावलं तरी गवत राहू द्यावं, तिथं नांगर आणि तबेला दोन्ही जाऊ नयेत, एवढं गावाला ठरवता येण्यासारखं आहे.

शेठ : मी इथं हौसेनं आलेलो नाही, ताई. जोगेश्वरीत बापाचा तबेला होता तेव्हा आजूबाजूला शेतं होती. मग इमारती आल्या, आणि इमारतीत राहायला आलेल्यांनाच आमचा वास यायला लागला. मुंबईतल्या दहिसर नदीचं, पोईसर नदीचं खापर तबेल्यांवर फुटलं. बरोबरच होतं, शेण जायचंच नदीत. पण कुणी असं विचारलं का की या लोकांना शेण ठेवायला जागा कुठं आहे? नुसतं म्हणाले, बाहेर काढा. म्हणजे तुमच्याकडं काढा.

ताई : आणि आम्हाला कुणी विचारलं? पूर्वी आमच्याकडचं गवत, भाताचा पेंढा वखारींतून मुंबईच्या तबेल्यांना जायचा. गाड्या भरून द्यायचो. आता गवताच्या जागी म्हशीच आल्या. आम्हाला गवत विकायला आवडायचं, शेण परत घ्यायचं कुणी ठरवलं नव्हतं. आदिवासी भागांसाठीचा पेसा कायदा १९९६ चा आहे. लहान पाणवठ्यांचं नियोजन पंचायतीकडं असावं असं त्यात लिहिलंय. तुमच्या तबेल्याला ना हरकत दाखला मिळाला, त्या दिवशी ग्रामसभेत ओहोळाचं नाव तरी निघालं होतं का?

शेठ : दाखल्याला काय लागलं होतं ते मला विचारू नका.

यावर ताई हसल्या असत्या, असं मला वाटतं. पुढचं बोलणं मात्र कामाचं आहे. प्रश्न शेणाचा म्हणून आपण मांडतो. तो आहे पावसाळ्याचा.

शेठ : तुम्हाला वाटतं मी शेण मुद्दाम ओहोळात लोटतो. जानेवारी ते मे, माझ्या दारात टेम्पोवाले रांग लावतात. डहाणू-घोलवडच्या चिकूवाडीतल्या एका मोठ्या झाडाला पन्नास किलोपेक्षा जास्त शेणखत जातं, आणि अशी झाडं कितीतरी. फारसं माझ्याकडं उरत नाही. उलट भाव करून देतो. पण जून लागला की कोण घेतो? वाडीत टेम्पो रुततो. शेतात आवणी चालू, भाताच्या खाचरात कोण शेण टाकणार? गोवऱ्या थापायला ऊन नाही. चार महिने म्हैस शेण टाकायची थांबत नाही, ताई. ते ठेवू कुठं?

ताई : गोबरगॅस करा. सरकारची योजना आहे ना, गोबरधन.

शेठ : गोबरगॅस म्हणजे काय शेण जाळून टाकतात असं वाटतं का तुम्हाला? गॅस निघून जातो, रबडा तेवढाच बाहेर येतो. पातळ आणि जास्तच. पंचवीस किलो शेणाला एक घनमीटर गॅस. माझ्या कामगारांची चूल पेटेल, म्हशींसाठी पाणी तापवायला होईल. पण तो रबडा जुलैत कुठं घालू? परत ओहोळातच ना?

गोबरगॅस हा सर्वांवरचा उपाय म्हणून सांगितला जातो तेव्हा ही गोष्ट सहसा गाळली जाते. लुधियानाच्या हैबोवालला डेअऱ्यांच्या वस्तीशेजारी शेणावर वीज करणारा मोठा प्रकल्प उभा राहिला, तरी तिथला बुड्ढा नाला डेअऱ्यांच्या शेणानं काळाच राहिला. शेठ चुकीचं सांगत नाहीत. अडचण साठवणुकीची आहे. युरोपात हीच अडचण हिवाळ्यात येते. गोठलेल्या जमिनीत खत टाकता येत नाही. म्हणून १९९१ च्या नायट्रेट निर्देशापासून तिथं खत कधी टाकायचं नाही याचे महिने ठरले, आणि तेवढ्या महिन्यांचं शेणमूत मावेल एवढी टाकी असणं सक्तीचं झालं. डेन्मार्कमध्ये साधारण नऊ महिन्यांची टाकी लागते. त्यांचा हिवाळा म्हणजे आपला पावसाळा. आपल्याला चारच महिने काढायचे आहेत.

ताई : चार महिन्यांचा हिशेब मी करते. पन्नास म्हशी, पंधरा किलोनं साडेसातशे किलो. एकशेवीस दिवस. नव्वद टन झालं. ओल्या शेणाचा टन म्हणजे साधारण एक घनमीटर. नव्वद घनमीटरचा खड्डा. फुटात सांगते, तेहतीस लांब, वीस रुंद, पाच खोल. तुमच्या आवारात मावतो की नाही?

शेठ : मावतो. पण पावसानं भरेल.

ताई : म्हणून वर पत्रा. आणि खाली कोबा, नाहीतर झिरपेल. आता तुमच्या गोठ्याचं छप्पर बघा. तीन हजार चौरस फूट तरी आहे. त्यावर पावसाळ्यात किती पाणी पडतं माहीत आहे? सात लाख लिटरच्या आसपास. ते स्वच्छ पाणी. तुम्ही त्याला पन्हळ लावलेली नाही, म्हणून ते पागोळ्यांनी अंगणात पडतं, शेणातून वाहतं आणि ओहोळात येतं. सात लाख लिटर चांगलं पाणी तुम्ही फुकट नासवता. पन्हळ लावून ते बाहेरच्या बाहेर काढलं तर निम्मं काम झालं.

शेठ : आणि धुण्याचं पाणी?

ताई : आधी खरवडा, मग धुवा. फावड्यानं, लाकडी ओढणीनं शेण ओढून खड्ड्यात टाका. मगच पाइप हातात घ्या. पाणी निम्म्याहून कमी लागेल आणि त्यात शेण नावाला असेल. मूत आणि ते पाणी खाली चर खणून गवतात सोडा. आरेत तुमच्या लोकांनी पॅरा गवत पिकवलं ना? त्याला असलं पाणी मानवतं, आणि हिरवा चारा होतो. दिवाळीपासून मेपर्यंत एक थेंब ओहोळात यायचं कारण नाही. पावसाळ्यात थोडं येईल. ते आम्ही सोसू.

शेठ : बोलायला सोपं आहे. पाइपनं दोन माणसं तासाभरात गोठा साफ करतात. खरवडून करायचा तर चार माणसं, दोन वेळा. कामगार उत्तर प्रदेशातून येतो, त्याला राहायला जागा, खायला धान्य. आधीच एखादी भाकड झाली की तिला पोसताना जीव जातो. पेंडीचा भाव बघा, भुशाचा बघा. खड्डा, कोबा, पत्रा, पन्हळ, माणसं. हे पैसे कोण देणार?

ताई : दूध पिणारा देईल.

शेठ : मुंबईचा माणूस शेणाचे पैसे देणार? काय बोलता!

ताई : २०२३ च्या मार्चमध्ये मुंबईत म्हशीच्या सुट्या दुधाचा घाऊक दर ऐंशीवरून पंच्याऐंशी झाला. चारा महागला, पेंड महागली म्हणून. दूध प्यायचं कुणी सोडलं का? त्या पाच रुपयांत ओहोळ कुठं होता? पन्नासपैकी चाळीस म्हशी दुभत्या धरा, आठ लिटरनं तीनशेवीस लिटर. लिटरमागं एक रुपया ओहोळाचा म्हणून धरलात तर वर्षाला जवळजवळ एक लाख सतरा हजार होतात. पहिल्या दोन वर्षांत खड्डा, पत्रा आणि पन्हळ निघेल. नंतरचा रुपया खरवडणाऱ्या माणसाचा.

शेठ : मी एकट्यानं रुपया वाढवला तर गिऱ्हाईक शेजारच्या तबेल्यात जाईल.

हा शेठचा सर्वांत खरा मुद्दा, आणि त्याचं उत्तर ताईंकडं नव्हतं. एकट्या माणसानं चांगलं वागायचं ठरवलं की तोच बुडतो. म्हणून नियम लागतो, आणि तो सगळ्यांना एकाच दिवशी लागू व्हावा लागतो. नियम कागदावर आहे. जल प्रदूषण प्रतिबंधाचा कायदा १९७४ चा आहे. हरित लवादाच्या आदेशानंतर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं जुलै २०२० मध्ये डेअऱ्या आणि गोशाळांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. डेअरी फार्म नारिंगी गटात गेले, म्हणजे चालवायला मंडळाची संमती लागते. शेण कसं साठवायचं, किती पाणी वापरायचं, वस्तीपासून आणि पाण्यापासून किती लांब, हे सगळं तिथं लिहिलेलं आहे.

शेठ : नोटीस येईल. दाखवायला कोण येतो का, की असा खड्डा खणा, इतका उतार द्या, ही पन्हळ? मंडळाचे लोक तारापूरच्या कारखान्यांतून मोकळे झाले तर माझ्याकडं येतील ना.

ताई : मंडळाचा माणूस आला नाही तर आम्ही येऊ. मे महिन्यात पाड्यातले चार जण येतील, टेप घेऊन. खड्डा मोजतील.

शेठ : आणि मापात कमी भरला तर?

ताई : तर म्हशी कमी करा. जेवढं शेण ठेवता येतं तेवढ्याच म्हशी.

शेठनं यावर काही उत्तर दिलं नाही, आणि मी त्यांच्या तोंडी घालणारही नाही. पण बाजू घ्यायची वेळ आली की मी ताईंच्या या शेवटच्या वाक्यापाशी उभा राहतो. म्हशी किती ठेवायच्या हे आज जागा, भांडवल आणि गिऱ्हाईक यांवर ठरतं. ते पावसाळ्यातल्या साठवणुकीवर ठरायला हवं. शेठची फरपट खरी आहे. त्यांना शहरातून ढकललं गेलं, इथं येताना कुणी रस्ता दाखवला नाही, आणि खरवडण्याचा खर्च एकट्यानं उचलला तर ते शेजाऱ्यासमोर टिकणार नाहीत. म्हणूनच मुभा नको. एकाला दिलेली मुभा दुसऱ्याला प्रामाणिक राहू देत नाही.

यात ग्रामपंचायतीचं काम फार नाही. ना हरकत दाखला कायमचा द्यायचा नाही, वर्षाचा द्यायचा, आणि तो मेअखेर नवा करायचा. दाखल्यावर तीन आकडे लिहायचे: म्हशी किती, छपराखालचा कोबा केलेला खड्डा किती घनमीटर, आणि काठापासून गोठा किती मीटर. पन्नास म्हशींना नव्वद घनमीटर हा हिशेब वर आलाच आहे. बाकीच्यांनी त्याच प्रमाणात काढावा. पन्हळ नसेल तर दाखला नाही. दापचरी ते वसई या पट्ट्यातल्या ग्रामपंचायतींनी हे एकाच वर्षी केलं तर कुणा शेठला शेजारच्या तबेल्याची भीती उरणार नाही आणि दूधवाल्यांना रुपया वाढवायला कारणही मिळेल. येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेत हा विषय घालण्यासाठी अर्ज साध्या कागदावर चालतो.